पूर्व विदर्भातलं खनिज: दगड बाहेर पाठवायचा की पक्का माल इथेच करायचा?

वैनगंगाकाठ

दख्खनच्या बेसॉल्टची चादर नागपूरच्या आसपास संपते आणि तिच्याखालचे जुने खडक उघडे पडतात. राज्यातलं धातुखनिज पूर्व विदर्भात एवढं एकवटलंय ते यामुळे. नागपूर-भंडाऱ्यात सौसर गटाच्या खडकांत मँगनीज: गुमगाव, कांद्री, मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग. गडचिरोलीत सूरजागड, दमकोंडवाही आणि भामरागडचं लोहखनिज, चंद्रपुरात लोहारा, असोला, पिंपळगाव. ठाणेवासनाला तांबं, पवनीकडे क्रोमाइट, कुही-खोबना-आगरगाव भागात टंगस्टन. अधातूंमध्ये राजुरा-कोरपना-जिवती आणि वणीची चुनखडी, भंडाऱ्यात पोहरा-दहेगावचं कायनाइट आणि सिलिमनाइट, देवलापारचा डोलोमाइट, वरोऱ्याकडे डोंगरगावचं फ्लोराइट. शिवाय वर्धा खोऱ्याचा कोळसा.

चुनखडी सोडली तर वर्षानुवर्षं यातला बराचसा माल दगड म्हणूनच ट्रकमध्ये आणि वाघिणीत चढत आलाय. माझं म्हणणं साधं आहे. नवीन खाणपट्टा देताना, आणि जुन्याची क्षमता वाढवताना, माल त्याच किंवा शेजारच्या जिल्ह्यात पक्का करायची सक्ती असावी. लोहखनिज टनाला काही हजारांत जातं, त्याचंच पोलाद झालं की आकडा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात पोचतो. मधला सगळा रोजगार, सुटे भाग पुरवणारे, गाड्या दुरुस्त करणारे, आयटीआयमधून बाहेर पडणारी मुलं, हे सगळं जिथे भट्टी तिथे जमतं. खड्डा मात्र इथे राहतो. गडचिरोलीतल्या कोनसरीला पेलेट (बारीक खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या) आणि पोलादाचं काम सुरू झालंय, म्हणजे ते होऊ शकतं हे दिसलंय. मग ते कंपनीच्या मर्जीवर का सोडायचं? नियमच करावा.

सहमत असाल तर का, नसाल तर नेमकं कुठे अडतं, ते या धाग्यावर आकड्यांनिशी लिहा.

झोतभट्टी

असहमत. उद्योग इथे येऊ नये असं माझं म्हणणं नाही, पण सगळ्या खनिजांना एकच सक्ती लावता येत नाही. भट्टी कुठे बसवायची हे वजन ठरवतं, आणि प्रत्येक खनिजाचं वजनाचं गणित वेगळं आहे.

चुनखडी: एक टन क्लिंकरला (सिमेंट ज्यापासून दळतात त्या भाजलेल्या मालाला) साधारण दीड टन चुनखडी लागते. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की ४४ टक्के वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. जे हवेत जाणार आहे त्याचं भाडं कोण भरेल? म्हणून अवारपूर, गडचांदूर, उपरवाही, घुग्घुस इथले सिमेंट कारखाने कोणत्याही सक्तीशिवाय खाणीच्या कुशीत बसले.

स्पंज आयर्न (खनिज न वितळवता केलेलं कच्चं लोखंड): एक टन स्पंजला ६२ ते ६५ टक्क्यांचं सुमारे १.६ टन खनिज लागतं. पण सोबत एक ते दीड टन कोळसाही लागतो. भट्टी खाणीपाशी आणली तर ०.६ टनाची वाहतूक वाचते आणि एक टनाहून जास्त कोळसा उलट्या दिशेने आणावा लागतो. इथे लोक म्हणतात, वर्धा खोऱ्यात कोळसा आहेच की. आहे, पण तो कसा आहे ते बघा. स्पंजच्या किल्नला (फिरत्या लांब भट्टीला) राख शक्यतो २५ टक्क्यांच्या आत हवी आणि राख मऊ पडायचं तापमान १,२५० अंशांच्या आसपास किंवा वर हवं. इथल्या खाणींतल्या बऱ्याच कोळशात राख त्याहून जास्त असते. किल्नमधलं तापमान १,००० ते १,०५० अंश, म्हणजे लोखंड वितळू न देता त्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा. हलक्या कोळशाची राख मध्येच मऊ पडली की ती बारीक खनिजासकट भिंतीला चिकटते आणि किल्नच्या आत कडं तयार होतं. कडं वाढलं की आतून जाणारा माल अडतो, हवेचा झोत बिघडतो, तापमान एका जागी चढतं आणि कडं आणखी वाढतं. शेवटी किल्न थंड करून माणसं आत उतरवून ते फोडावं लागतं. म्हणून स्पंजवाले दक्षिण आफ्रिकेचा कोळसा मिसळतात. तो बंदरावर उतरतो, गडचिरोलीत नाही.

पोलादाच्या झोतभट्टीला (ब्लास्ट फर्नेसला) कोकिंग कोळसा, म्हणजे कोक बनवता येणारा कोळसा लागतो. तो वर्धा खोऱ्यात नाहीच.

मँगनीजचं तिसरंच. तिथे अडतं विजेवर. पोलादात घालायचे मँगनीजचे मिश्रधातू विजेच्या भट्टीत होतात: हाय कार्बन फेरो मँगनीजला टनामागे अडीच ते तीन हजार युनिट, सिलिको मँगनीजला चार हजारांच्या आसपास. दुसऱ्या राज्यात युनिट तीन रुपयांनी स्वस्त मिळालं तर सिलिको मँगनीजच्या टनामागे १२ हजारांचा फरक पडतो. हा फरक कुठलीही सक्ती भरून काढत नाही. सक्ती केली तर पट्ट्याला बोली लागणार नाही, एवढंच होईल.

हिशेबवही

कायद्याची बाजू आधी स्पष्ट करतो, कारण मूळ प्रस्ताव तिथेच अडकतो. खाणपट्टा विशिष्ट वापरासाठी राखून ठेवायचा अधिकार १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने राज्यांना दिला होता. २०२१ च्या दुरुस्तीने तो काढून घेतला. आता लिलावात 'माल अमुक कारखान्यातच वापरा' अशी अट राज्याला घालता येत नाही, उलट स्वतःच्या कारखान्यासाठी खाण असलेल्यांनाही गरज भागल्यावर २०२१ मध्ये वर्षाच्या उत्पादनाच्या निम्म्यापर्यंत माल विकायची मुभा मिळाली, आणि २०२५ मध्ये ती मर्यादाही उठली.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २५ जुलै २०२४ ला आठ विरुद्ध एक असा निकाल दिला, की रॉयल्टी हा कर नाही आणि खनिजावर व खनिजजमिनीवर कर बसवायचा अधिकार राज्यांना आहे. म्हणजे राज्य उपकर लावू शकतं. पण 'जिल्ह्याबाहेर किंवा राज्याबाहेर जाणाऱ्या दगडावर जास्त आणि इथे वापरला तर कमी' अशी रचना केली तर राज्यघटनेतल्या व्यापारस्वातंत्र्याच्या कलमांखाली तिला आव्हान मिळणार हे नक्की.

आता पैशाचं. 'पोलाद इथे बनलं की कर इथे मिळेल' हा समज सोडून द्यायला हवा. जीएसटी माल जिथे वापरला जातो तिथे जातो. कोनसरीचं पोलाद गुजरातेत खपलं तर कराचा राज्यहिस्सा गुजरातला. जिल्ह्याच्या हातात थेट पडतो तो फक्त जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणबाधितांसाठीच्या जिल्हा निधीचा) पैसा, आणि तो रॉयल्टीला बांधलेला आहे, पोलादाला नाही.

उदाहरण म्हणून लोहखनिजाची सरासरी विक्री किंमत टनाला ३,००० रुपये धरा. रॉयल्टी १५ टक्के, म्हणजे ४५०. पट्टा १२ जानेवारी २०१५ च्या आधीचा असेल तर रॉयल्टीच्या ३० टक्के प्रतिष्ठानला: १३५ रुपये. लिलावातला नवा पट्टा असेल तर १० टक्के: ४५ रुपये. लिलावात जे जादा प्रीमियम येतं ते राज्याच्या तिजोरीत जातं, जिल्ह्याच्या नाही. सूरजागडचा पट्टा २००७ चा, म्हणून तो १३५ च्या रांगेत. दमकोंडवाहीसारखी ठिकाणं लिलावातून गेली तर त्याच डोंगररांगेत, त्याच धुळीत, जिल्ह्याला टनामागे एक तृतीयांश मिळेल. भांडायचंच असेल तर या ४५ रुपयांवर भांडा. पक्क्या मालाच्या सक्तीपेक्षा इथे यश मिळायची शक्यता जास्त आहे.

वैनगंगाकाठ

२०२१ ची दुरुस्ती मान्य. पण सक्ती फक्त पट्ट्याच्या करारातच असते असं नाही. जमीन, पाणी, वीज सवलत, प्रोत्साहन योजना हे सगळं राज्याच्या हातात आहे, आणि सवलत देताना अट घालायला कोणी अडवलेलं नाही.

झोतभट्टी, तुमच्या कोळशाच्या गणितात एक गोष्ट राहिली. पेलेटला ना कोकिंग कोळसा लागतो, ना कमी राखेचा. बारीक दळलेलं खनिज, अर्धा-एक टक्का बेंटोनाइट, थाळीवर ८ ते १६ मिलिमीटरच्या गोळ्या आणि १,२५० ते १,३०० अंशांची भाजणी. उष्णता वायूने, तेलाने किंवा कोळशाच्या वायूने देता येते. म्हणजे पोलाद जमलं नाही तरी पेलेटपर्यंत इथे यायला काहीच आड येत नाही. आणि सूरजागड भागातलं खरं भांडार ६० टक्क्यांच्या वरच्या दगडात नाही, पट्टेदार हेमॅटाइट क्वार्ट्झाइटमध्ये आहे, ज्याला सगळे बीएचक्यू म्हणतात. ३० ते ४० टक्के लोखंडाचा तो दगड जसाच्या तसा कोणी विकत घेत नाही. त्याला समृद्ध करावंच लागतं, म्हणजे दळून लोखंडाचा भाग वेगळा काढावा लागतो, आणि निम्म्याच्या आसपास क्वार्ट्झ असलेला दगड कोणी दूर नेणार नाही. वजनाचं तुमचंच गणित इथे माझ्या बाजूने आहे.

चंद्रपूरकर

ते गणित पूर्ण मांडू या, कारण पुढचं सगळं त्यात दडलंय.

बीएचक्यूत ३८ टक्के लोखंड, समृद्ध मालात ६५ टक्के आणि टाकाऊ गाळात १५ टक्के धरा. समृद्ध मालाचं प्रमाण निघतं (३८ − १५) भागिले (६५ − १५), म्हणजे ४६ टक्के. १ कोटी टन दगड दळला तर ४६ लाख टन विकायचा माल आणि ५४ लाख टन गाळ. सुकी घनता घनमीटरला दीड टन धरली तर हा गाळ ३६ लाख घनमीटर. २० मीटर उंचीचा ढीग केला तरी दर वर्षी १८ हेक्टर जमीन. दगडात ३५ टक्केच असेल तर विक्रीचा माल ४० टक्क्यांवर येतो आणि गाळ ६० लाख टन.

हा गाळ रेतीसारखा नसतो. हेमॅटाइट आणि क्वार्ट्झचे पट्टे इतके बारीक एकमेकांत गुंतलेले असतात की सुटे करायला ७५ मायक्रॉनच्या खाली, काही ठिकाणी ४५ मायक्रॉनपर्यंत दळावं लागतं. एवढा बारीक गाळ पाणी लवकर सोडत नाही. ओल्या तलावात ठेवला तर बांध लागतो, आणि बांध कसा वाढवायचा हा जिवावरचा प्रश्न होतो. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला २५ जानेवारी २०१९ ला लोहखनिजाच्या गाळाचा बांध फुटला, २७० माणसं गेली. तिथे आधीच्या गाळावरच पुढचा बांध रचत आत-आत सरकायची पद्धत होती. खालचा गाळ भिजलेला राहिला, आणि तो एकाएकी पातळ होऊन वाहिला. गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून कोरडा रचायचा हा दुसरा मार्ग. पण गडचिरोलीत वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत कोरडा ढीग कोरडा कसा ठेवणार? छताखाली किती दिवसांचा साठा मावेल? उताराचं पाणी कुठल्या नाल्याला जाईल? पक्क्या मालाची सक्ती म्हणजे हा गाळही जिल्ह्यातच ठेवायची सक्ती.

आणि चंद्रपूर शहर समोर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशात चौथं आलं. वर फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. कोळसा, वीज, सिमेंट, स्पंज आणि फेरो अलॉय, हे सगळं 'मूल्यवर्धन' एका टापूत जमा झालं त्याचा तो आकडा आहे. विदर्भातला माल विदर्भातच पक्का करा हे धोरण तिथे आधीच राबवून झालंय.

झोतभट्टी

चंद्रपूरकरांच्या गाळाच्या आकड्यांत मला चूक दिसत नाही, फक्त एक भर. १५ टक्क्यांचा गाळ हा चांगल्या कारखान्याचा गाळ आहे. दळण ओबडधोबड राहिलं तर लोखंड क्वार्ट्झला चिकटलेलंच राहतं आणि गाळात २० टक्क्यांच्या वर जातं. उलट जास्त दळलं तर अतिबारीक कण तयार होतात, ते चुंबकालाही धड लागत नाहीत आणि फ्लोटेशनमध्येही (फेसावर कण तरंगवून वेगळे करताना) फेसाबरोबर भलतीकडे जातात. दोन्हीकडे नुकसान. म्हणून मंजुरीच्या कागदावर फक्त 'इतके दशलक्ष टन' पुरत नाही, समृद्ध मालाचं प्रमाण आणि गाळातलं लोखंड किती, तेही मागायला हवं.

मात्र वाहतुकीचं चित्र मांडलं नाही तर हे एकांगी होतं. सूरजागडला २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांची परवानगी मिळाली. २५ टनांच्या ट्रकने नेलं तर ४ लाख खेपा, दिवसाला सुमारे १,१०० भरलेले आणि तेवढेच रिकामे. चोवीस तास रस्ता चालू धरला तरी दर ४० सेकंदांनी एक ट्रक. एटापल्ली-आष्टी रस्त्यावर शाळेत जाणाऱ्या मुलांना हाच रस्ता आहे. सूरजागडजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी नळवाहिनी झाली ती यासाठीच, आणि नळवाहिनी फक्त दळलेला माल नेऊ शकते. म्हणजे दळण डोंगरापाशी आलं तरच ट्रक रस्त्यावरून हटतात. इथे मी वैनगंगाकाठ यांच्याशी सहमत आहे: समृद्धीकरण खाणीजवळ, पेलेट नदीकाठी. पोलादाचा हट्ट मात्र नको.

पाण्याचाही हिशेब ठेवा. स्लरीत ६५ टक्के घन पदार्थ धरले तर टनामागे अर्ध्या टनाहून थोडं जास्त पाणी डोंगरातून खाली जातं. १ कोटी टनांना ५४ लाख घनमीटर. ते खाली पेलेट कारखान्यात वापरलं जातं की परत चढवलं जातं, हे स्पष्ट लिहून घेतलं पाहिजे.

तेंदूपान

इतका वेळ माल कुठे जावा यावर बोलणं चाललंय. डोंगर उतरवावा की नाही, हे कोणी विचारलंच नाही.

सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते. भोवतालच्या गावांचे सामूहिक वनहक्क आहेत. तेंदू आणि बांबू हे याच जिल्ह्यात ग्रामसभा स्वतः लिलाव करून विकतात. इथल्याच मेंढा-लेखा गावाने देशाला दाखवलं की जंगलाचा हिशेब गाव ठेवू शकतं. बांबूचं बेट तोडणीचं चक्र पाळलं तर पुन्हा पुन्हा तोडता येतं. डोंगर एकदाच उतरतो. तुमच्या टनामागे १३५ रुपयांत हे कुठे बसतं?

कायद्याबद्दलही एक गैरसमज आहे, तो कार्यकर्त्यांमध्येही आहे. पेसा कायद्यात (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्यात) खाणपट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची पूर्वशिफारस सक्तीची आहे ती गौण खनिजांना: मुरूम, गिट्टी, रेती. लोहखनिजासारख्या मुख्य खनिजाला ते कलम लागत नाही, तिथे भूसंपादनापूर्वी सल्लामसलत एवढंच आहे. खरं बळ वनहक्क कायद्यात आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला ग्रामसभांना त्यांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांवर निर्णय घ्यायला सांगितलं, आणि बॉक्साइटची ती खाण झाली नाही. म्हणून वनहक्कांचे दावे आधी निकाली काढा, मग क्षमतावाढीच्या गोष्टी करा. पक्का माल की कच्चा हा त्यानंतरचा प्रश्न.

मँगनीजपट्टा

सगळा धागा लोखंडावर गेला. नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज शंभराहून जास्त वर्षं निघतंय, आजच्या मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीचं मूळ १८९६ मध्ये सुरू झालेल्या सिंडिकेटमध्ये आहे. तिथे वेगळा धडा आहे, तो लिहितो.

पक्का माल इथे होत नाही असं म्हणणं अर्धंच खरं आहे. चंद्रपूरला मूल रोडवर सेलचा (स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाचा) फेरो अलॉय कारखाना आहे. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीला चालतं, आणि तिथेच विद्युत-विच्छेदनाने शुद्ध डायऑक्साइड करायचा कारखाना आहे. हा छोटा माल आहे, पण टनामागे किंमत बघितली तर फेरो मँगनीजहून फार वर. सक्तीचा विचार करायचाच तर टनांवर नको, प्रतीवर करा. डायऑक्साइडची प्रत असलेला दगड भट्टीत घालणं म्हणजे तो वाया घालवणं. आणि स्फुरद जास्त असलेला दगड इथे पक्का करा म्हणून हट्ट धरला तरी पोलादवाले तो घेणार नाहीत, कारण फेरो मँगनीजमधलं स्फुरद थेट पोलादात उतरतं आणि ते ठिसूळ करतं. तो दुसऱ्या दगडात मिसळूनच वापरावा लागतो, आणि मिसळायचा दगड दुसऱ्या राज्यातल्या खाणीतला असू शकतो.

दुसरी गोष्ट भरणीची. भूमिगत मँगनीज खाणीत खालून वर थर कापत जायचं आणि रिकामी झालेली पोकळी पाण्यासोबत रेती सोडून भरायची, ही इथली पद्धत. जेवढे घनमीटर खनिज काढलं तेवढे घनमीटर रेती लागते. ती नदीतून येते आणि त्याच नदीच्या रेतीवर घरं बांधणाऱ्यांचाही डोळा. दुसरीकडे कामठी खोऱ्यातल्या खुल्या कोळसा खाणींत कोळशावर कामठी वालुकाश्माचा जाड थर आहे, तो ओबी (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेला दगड) म्हणून टेकड्यांसारखा रचून ठेवलाय. कोळसा कंपनीने गोंडेगावला तोच दगड फोडून-धुवून रेती काढायला सुरुवात केली. कांद्री-मनसर तिथून फार दूर नाही. एका खाणीचा ढिगारा दुसऱ्या खाणीच्या पोटात, हे मला पोलादाच्या सक्तीपेक्षा जास्त निकडीचं वाटतं.

यात एक धोका आहे, तो आधी सांगून ठेवतो. भरणीच्या रेतीत चिकणमाती आणि गाळ जास्त असला तर पाणी निथरत नाही. पोकळीच्या तोंडाशी लावलेल्या अडसरामागे पाण्याचा दाब साठत जातो. अडसर फुटला तर चिखलाचा लोंढा खालच्या गॅलरीत काम करणाऱ्यांवर येतो. म्हणून ओबीची रेती धुतल्याशिवाय वापरायची नाही, प्रत्येक खेपेचा नमुना चाळायचा, निथरायचा वेग नळीत मोजायचा, आणि अडसराला गोणपाट किंवा गाळणकापड नीट लावलंय हे भरणी सुरू होण्याआधी बघायचं. स्वस्त पडते म्हणून न धुतलेली रेती सोडली तर वाचलेला पैसा माणसांच्या जिवावर पडतो.

पोहरा_कायनाइट

अधातूंच्या वतीने थोडं. भट्टी इथे आली तर तिला आतून विटा लागतात, आणि त्या विटांचा कच्चा माल भंडाऱ्यात आहे. तरी कायनाइट खडे म्हणूनच विकलं गेलं. कारण तांत्रिक आहे. कायनाइट १,३५० अंशांच्या वर तापवलं की म्युलाइट होतं आणि आकारमान १६ ते १८ टक्के वाढतं. कच्चं कायनाइट भरपूर घालून वीट केली तर ती भट्टीतच तडकते. म्हणून आधी भाजून, फुगवून, मग दळून वापरायचं. किंवा मोजून थोडं कच्चं घालायचं, म्हणजे मातीचं आकुंचन आणि कायनाइटचं फुगणं एकमेकांना तोलतं. सिलिमनाइट फारसं फुगत नाही, ते भाजल्याशिवाय चालतं. ही प्रक्रिया छोट्या भांडवलात होणारी आहे, गाळाचे डोंगर नाहीत, कोकिंग कोळसा नाही. देवलापारचा डोलोमाइट तसाच: स्पंजच्या किल्नमध्ये गंधक धरायला तो लागतो आणि चाळून ठरलेल्या आकारात द्यावा लागतो. मोठ्या पोलादाच्या मागे धावताना ही मधली साखळी कोणाच्या यादीत नसते.

मात्र विटा आणि क्वार्ट्झ दळणाऱ्या छोट्या गिरण्यांत सिलिकाची धूळ हाच मोठा धोका आहे. सिलिकोसिस झाला की फुफ्फुस परत सुधारत नाही. ओलं दळण, तोंडाशी धूळ ओढणारा हूड आणि पिशवीगाळणी, हे नसेल तर अशा गिरणीला परवानगीच नको. मास्क हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

हिशेबवही

तेंदूपान, वनहक्कांबद्दल तुमचा क्रम मला मान्य आहे. पण जिथे खाण आधीच चालू आहे तिथे प्रतिष्ठानच्या पैशावर लक्ष ठेवणं सोडून चालणार नाही. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ७० टक्के रक्कम थेट बाधित क्षेत्रात खर्च व्हायला हवी, आणि ते क्षेत्र खाणीपासून १५ किलोमीटरच्या आत धरलंय. किमान ७० टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या कामांवर. जिल्हा मुख्यालयातल्या सभागृहांवर आणि सुशोभीकरणावर पैसा गेला तर आक्षेप घ्यायला हीच दोन कलमं पुरतात. एटापल्लीतल्या प्रत्येक कामापुढे खाणीपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये लिहा, अशी मागणी करा. यादी तिथेच उघडी पडते.

वैनगंगाकाठ

माझी भूमिका थोडी बदलून मांडतो. पोलादाची सरसकट सक्ती नको, हे झोतभट्टी आणि मँगनीजपट्टा यांनी पटवून दिलं. पण ४५ टक्क्यांच्या खालचा दगड समृद्ध केल्याशिवाय जिल्ह्याबाहेर जाऊ नये, आणि राज्याची वीज, पाणी किंवा जमीन सवलतीत घेणाऱ्याने पेलेटपर्यंत इथेच करावं, यावर मी ठाम आहे. गाळाची भीती खरी आहे. पण बीएचक्यू टाकून फक्त वरचा श्रीमंत दगड उचलून नेला, तर तो गाळ नाही पण तितकाच दगड ढिगाऱ्यात पडतो आणि पुढच्या पिढीला परत खोदावा लागतो. श्रीमंत तेवढं ओरबाडून उरलेलं गाडून टाकणं ही खाणकामातली सगळ्यात वाईट सवय.

चंद्रपूरकर

ढिगाऱ्यातला दगड आणि ४५ मायक्रॉनचा गाळ सारखे नाहीत. दगड पावसात वाहून भातशेतीवर पसरत नाही. बांधीत (भाताच्या खाचरात) एकदा असा गाळ बसला की वर पापडी धरते, पाणी मुरत नाही आणि रोवणी करता येत नाही. माझा विरोध कायम आहे, जोपर्यंत गाळ खाणीच्याच रिकाम्या बाकांत (पायऱ्यांसारख्या खणलेल्या टप्प्यांत) परत भरायचा आराखडा पहिल्या टनाच्या आधी मंजूर होत नाही.

तेंदूपान

मग जनसुनावणीत मागायचं काय, ते लिहून ठेवू. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मराठीत तो मिळतो, पण त्यात तुम्ही वर काढले तसे आकडे नसतात. तेव्हा लेखी मागा: दगडातलं, समृद्ध मालातलं आणि गाळातलं लोखंड टक्क्यांत, वर्षाला गाळ किती टन, तो कुठल्या गट क्रमांकात, किती उंच, पावसाळ्याचा साठा कुठे, बांध कुठल्या पद्धतीने वाढवणार, नळवाहिनीचं पाणी कुठून आणि परत कुठे, रात्री ट्रक चालणार की नाही. आणि हे सगळं गोंडी-माडिया बोलणाऱ्या गावात वाचून दाखवा, मराठी सारांशाची प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवून भागत नाही. उत्तर तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात शब्दशः नोंद झाली का, हे सही करण्याआधी तपासा.

झोतभट्टी

त्या यादीत एक भर घाला: गाळ साठवणीचा खर्च टनामागे किती धरलाय. तो आकडा शून्याच्या जवळ असेल तर फिल्टर प्रेस फक्त कागदावर आहे.